जकात दिली, हिशेब संपला?

२०२४ चा रमजान. विसावा रोजा होता. आमच्या मोहल्ल्यातल्या जमातखान्यात रेशन किटचं वाटप चाललं होतं. दहा किलो आटा, पाच किलो तांदूळ, तेल, डाळ, साखर, खजूर. मी यादीवर खुणा करत बसलो होतो. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली म्हणून हे काम लोक मलाच देतात. रांगेतून एक बाई पुढे आली. घरी टॉवेलच्या कडा शिवते, नवरा बाजार समितीत हमाली करतो. तिने किटला हात लावला नाही. म्हणाली, "सर, आटा तो मैं कैसा बी ला लूंगी. बच्ची का दाखला करा देव."

तिला हवी असलेली शाळा जमातखान्यापासून दोनशे पावलांवर आहे. इंग्रजी माध्यम, सेमी नव्हे. वर्षाची फी बेचाळीस हजार, वह्या-पुस्तकं आणि गणवेश वेगळे. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टमधल्या तिघांची नावं त्या दिवशी किटच्या बॅनरवरही होती. मुलगी अंगणवाडीत होती. शंभरपासून एकपर्यंत आकडे उलटे म्हणून दाखवायची.

मी म्हणालो, "देखता हूँ, बेटा."

या 'देखता हूँ'चा अर्थ तिलाही माहीत होता आणि मलाही.

तरी ईद झाल्यावर मी ट्रस्टींकडे गेलो. मागणी मोठी नव्हती. दरवर्षी पहिलीत मोहल्ल्यातली दहा गरीब मुलं फी न घेता घ्या, एवढीच. ट्रस्टींमधला एक माझा जुना मित्र आहे. माणूस चांगला, पाच वेळचा नमाजी, कुणाचं एक पैसा बुडवणार नाही. तो म्हणाला, "सर, आपण किती करायचं? जकात देतो, टॅक्स भरतो, किट वाटतो. आता शाळाही फुकट चालवायची का? आणि ती पोरं आली की स्टँडर्ड पडतं. आपल्याच लोकांच्या आया तक्रार घेऊन येतात."

मी गप्प बसलो. चहा घेतला आणि घरी आलो. एकतीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगणारा माणूस त्या दिवशी काही बोलला नाही, याची लाज अजून जात नाही. तेव्हा बोलायला हवं होतं ते आज लिहितो आहे.

आधी कायद्याचं सांगतो, कारण बऱ्याच वाचकांना हे ठाऊक नसतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. संस्थाचालक न्यायालयात गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. २०१४ च्या प्रमती निकालात घटनापीठाने अनुदानित, विनाअनुदानित अशा सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर काढलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या सरसकट सवलतीबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

अल्पसंख्याक म्हणजे फक्त आपण नव्हे. ख्रिश्चन, जैन, शीख, शिवाय गुजराती-सिंधी अशा भाषिक अल्पसंख्याकांच्या संस्थाही त्यात येतात. पण दुसऱ्याच्या घरातलं त्यांचे लोक लिहितील. मी माझ्या घरातलं लिहितो.

घटनेच्या कलम ३० ने आपल्याला संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कशासाठी? संख्येने कमी असलेल्या समाजाला शिक्षणात कुणाच्या मेहरबानीवर राहावं लागू नये यासाठी. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की सहा ते चौदा वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा गळली होती. ही आकडेवारी आपण सभांमध्ये सांगतो. सरकारला जाब विचारताना सांगतो. आणि त्याच पंचवीस टक्क्यांतल्या मुलीला आपल्याच शाळेच्या फाटकातून परत पाठवताना कलम ३० पुढे करतो. गरिबांच्या नावाने मिळालेली ढाल गरिबांनाच दाखवायची, हे कुठल्या शरियतमध्ये बसतं आणि कुठल्या घटनेत?

"सरकारने एकदा पंचवीस टक्क्यांत हात घातला की उद्या कारभारात घालेल," असं मित्र म्हणतो. ही भीती खोटी नाही. सरकारची नियत आपण पाहिली आहे. म्हणूनच सांगतो, सरकारची वाट कशाला पाहता? स्वतः होऊन द्या. जी शाळा आपखुशीने पंचवीस टक्के गरीब मुलं घेते, तिच्यावर कुणी सक्ती कशाची करणार? उद्या मोठं पीठ बसेल तेव्हा अल्पसंख्याक संस्थांच्या वकिलाला दाखवायलाही काहीतरी हाताशी असेल.

त्या बाईचं पुढे काय झालं तेही सांगतो. तिने दुसऱ्या एका शाळेसाठी आरटीईचा अर्ज भरायला घेतला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. आमच्या मोहल्ल्याजवळ नगरपालिकेची शाळा आहे, त्यामुळे अर्जात तिला तीच दिसली. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला नियमच रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. ही लढाई पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी लढली. तिने मधल्या काळात पुन्हा अर्ज केला. सोडतीत नंबर लागला नाही. जूनमध्ये मुलगी नगरपालिकेच्या शाळेत बसली.

आता जकातीकडे येतो. "जकात देतो" हे वाक्य आपले श्रीमंत लोक पावतीसारखं दाखवतात. जकात म्हणजे उपकार नव्हे, हे मदरशातलं पोरगंही सांगेल. कुरआनने श्रीमंतांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे. पैसा फक्त धनवानांमध्येच फिरत राहू नये, हेही सूरह हश्रमध्ये स्पष्ट आलं आहे. पैगंबरांच्या नंतर काही टोळ्यांनी नमाज चालू ठेवून जकात थांबवली, तेव्हा हजरत अबू बकर यांनी त्यांच्याविरुद्ध लढाई पुकारली. दान न देणाऱ्याशी कुणी लढाई करत नाही. ती वसुली होती.

आणि अडीच टक्के ही कमीत कमी रक्कम आहे. तिच्यापुढे काही देणं लागत नाही, असं मानणाऱ्यांनी इब्न हज्म वाचावेत. अकराव्या शतकातले अंदलुसी फकीह. त्यांचं मत असं की प्रत्येक गावातल्या गरिबांचा भार त्या गावातल्या धनवानांवर फर्ज आहे, आणि जकात पुरली नाही तर हाकिमाने त्यांना भाग पाडावं. सगळे फुकहा त्यांच्याशी सहमत नाहीत, हे मान्य. पण हा विचार कुणा कम्युनिस्टाने बाहेरून आणलेला नाही, एवढं तरी ध्यानात घ्या. हजरत अबू जर यांना साठवलेल्या संपत्तीविरुद्ध बोलण्याची किंमत मोजावी लागली, शेवटचे दिवस रब्जाच्या वाळवंटात काढावे लागले. श्रीमंतांना न आवडणारा मुसलमान ही काही आजची जात नाही.

साधा हिशेब करा. पन्नास लाखांची रोकड, सोनं आणि व्यापारी माल असलेल्या माणसाची जकात सव्वा लाख होते. आपल्या गावात असे किती आहेत, मनातल्या मनात मोजा. तरीही पैसा बहुतेक किटमध्ये, साड्यांमध्ये, फार तर शिलाई मशीनमध्ये जातो. किट पंधरा दिवसांत संपतं आणि पुढच्या रमजानला तीच बाई त्याच रांगेत उभी असते. आपल्याला ते बरं वाटतं. रांग लांब असली की फोटोही छान येतो. (हा शेरा मला स्वतःलाही लागू आहे. त्या वर्षीच्या फोटोत मी आहे.)

काही जण म्हणतील, जकात शाळेला चालत नाही, तमलीक व्हावी लागते, म्हणजे रक्कम गरिबाच्या मालकीची व्हावी लागते. बरोबर. हनफी फिक्हमध्ये जकातीतून इमारत बांधता येत नाही. पण गरजू मुलाच्या किंवा पालकाच्या हातात रक्कम देऊन त्यांनी फी भरायला कुणाचीच हरकत नाही. तेवढंही किचकट वाटत असेल तर सदका आहे, मृत्युपत्रात एक तृतीयांशापर्यंत वसियत करण्याची मुभा आहे. ही मुभा आपल्यातले किती श्रीमंत वापरतात? मुलींचा वाटा चुकवायला मात्र हिबानामा करणारे पुष्कळ दिसतात.

मित्राचा खरा मुद्दा याच्याही खाली आहे. "मी कमावलं, दुसऱ्याने कमवावं."

यावर माझंच उदाहरण देतो. माझे वडील शिंपी होते. मी शिकलो सरकारी शाळेत आणि मग एका वसतिगृहात, जिथे जेवण कुणीतरी दिलेल्या देणगीतून यायचं. त्या देणगीदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. पुढे नोकरी लागली, पगार आयोग आले, घर झालं. माझ्या मुलाला मी दोन वर्षं लातूरला ठेवलं. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेस, सगळं धरून माझी बरीचशी पुंजी गेली. तो डॉक्टर झाला आणि आम्ही पेढे वाटले. त्याच्याच वर्गात पंक्चर काढणाऱ्याचा मुलगा होता, गणितात माझ्या मुलाच्या पुढे. दहावीनंतर तो बापाच्या दुकानात बसला. आज माझ्या मुलाच्या गाडीत हवा तोच भरतो. माझ्या मुलाने मेहनत केली यात शंका नाही. पण 'त्याने स्वतः कमावलं' असं म्हणताना माझी जीभ अडखळते. तुमची अडखळत नसेल तर जरा आठवून पाहा, तुमच्या पहिल्या पायरीखाली कुणाची वीट होती.

आपल्या इतिहासात अशा विटा भरपूर आहेत. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली. सर मोहम्मद युसुफ यांनी १९१४ मध्ये मुस्लिमांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्यातून १९३० मध्ये जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज उभं राहिलं. त्या काळातले आठ लाख! आणि कोल्हापूरला तर मुस्लिम मुलांची सोय मुस्लिम नसलेल्या राजाने केली. मुस्लिम समाजातून कुणी पुढे येईना, तेव्हा शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं आणि मुलांसाठी बोर्डिंग उभं केलं. आपण शाहू जयंतीला हार घालतो. त्या बोर्डिंगमधल्या मुलांकडून महाराजांनी 'स्टँडर्ड'चा दाखला मागितला असता तर?

स्टँडर्डचा विषय निघालाच आहे तर शिक्षक म्हणून बोलतो. घरी इंग्रजी नसलेलं मूल पहिली दोन वर्षं मागे राहतं, हे खरं. तिसरीत ते बरोबरीला येतं, जर कुणी रोज तासभर बसवलं तर. फी माफ करून भागत नाही हेही खरं. सहलीचे पैसे, प्रोजेक्टचं सामान, गॅदरिंगचा ड्रेस यांतच गरीब मूल उघडं पडतं आणि शाळा सोडतं. म्हणजे दहा मुलांची फी, वरचा खर्च आणि संध्याकाळी शिकवणारी एक बाई. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपावर किती खर्च होतो, ते मला माहीत आहे. तेवढ्यात बसतं.

राहिलं "हे सरकारचं काम आहे." आहेच. २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली, त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. याबद्दल भांडलंच पाहिजे. पण सरकार पैसा आणणार कुठून? वारसा संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ मध्ये गेला. तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांनी निषेधाचं पत्रक काढल्याचं मला आठवत नाही. कर नको, सक्ती नको, स्वतः होऊनही नको, मग ती मुलगी जाणार कुठे?

ती आता दुसरीत आहे. नगरपालिकेच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक आहे. संध्याकाळी ती आईशेजारी बसून टॉवेलचे सुटे धागे कापते. मागच्या आठवड्यात पाढे विचारले. बारापर्यंत घडाघडा म्हटले, तेरावर अडकली.

मी ट्रस्टला पुन्हा अर्ज दिला आहे, या वेळी लेखी. दहा जागा, वरच्या खर्चासकट, आणि संध्याकाळचा तास मी स्वतः बिनपगारी घेईन असं त्यात लिहिलं आहे. मित्राने अर्ज घेतला, सही करून पोच दिली. बैठक ईदनंतर आहे.