जबाबानंतरचे दिवस

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात मुक्काम असताना दिल्लीस स्थायिक झालेले एक निवृत्त गृहस्थ भेटावयास आले. पुतणी स्टोव्हच्या भडक्यात भाजली, वाचली. मात्र उजव्या हाताची बोटे तळव्याकडे वळून राहिली आहेत. अपंगत्वाचा दाखला मिळेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

नायब तहसीलदार असताना जळीत कक्षात मृत्युपूर्व जबाब नोंदविण्याचे काम अनेकदा वाट्यास आले. साठ-सत्तर टक्के भाजलेली स्त्री स्पष्ट बोलते, पाणी मागते, मुलांची चौकशी करते. खोल भाजलेल्या भागातील मज्जातंतूच नष्ट झाल्याने तेथे वेदना फारशी जाणवत नाही. नवख्या अधिकाऱ्यास वाटते, ही वाचणार. जबाब पाकिटात बंद होतो आणि शासनाचे काम संपते.

तिचे खरे संकट त्यानंतरचे. पहिल्या एकदोन दिवसांत रक्तातील द्रव पाझरून रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यातून निभावल्यास त्वचेचे कवच गमावलेल्या देहात जंतुसंसर्ग शिरतो. उशिराने होणाऱ्या मृत्यूंचे ते प्रमुख कारण. धूर श्वासात गेला असेल, तर फुप्फुसांचे निराळेच. आणि जी वाचते तिचे व्रण महिनोन्महिने आक्रसत राहतात. मान छातीकडे ओढली जाते, कोपर सरळ होत नाही. योग्य स्थितीत बांधलेली पट्टी, रोजचा व्यायाम आणि वेळेवर त्वचारोपण यांनी यातील बरेचसे टळते. हे उपचार महागडे नाहीत. त्यांना चिकाटीचा माणूस लागतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेमका तोच नसतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आम्लहल्ल्याच्या बळींचा स्वतंत्र उल्लेख आला, हे उचितच झाले. स्टोव्हने भाजलेल्या हाताला मात्र असा उल्लेख नाही. सांध्याची हालचाल किती उरली हे मोजून तो अस्थिव्यंगाच्या चौकटीत बसवावा लागतो, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. जखम तीच, व्रण तोच. भेद केवळ कारणाचा. तो मला पटत नाही.

माझ्या मते जबाब नोंदविणाऱ्या कार्यालयानेच रुग्ण घरी गेल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी एकदा चौकशी करावी. तलाठ्याकडे यापेक्षा निरर्थक कामे पुष्कळ आहेत! असो. त्या गृहस्थांना मी दाखल्याची कार्यपद्धती लिहून दिली, आणि आधी हात शल्यचिकित्सकास दाखवा, असे सांगितले. पुतणीला भाजून चौदा महिने झाले होते. व्यायामाविषयी त्यांना तोवर कोणीच काही सांगितले नव्हते.