दिव्यांग निधी आणि दोन खोल्या

नगरपालिकेच्या दिव्यांग निधीचं यंदा काय करायचं, यावर गावात पुन्हा चर्चा चालू आहे. उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. मार्चएंडला घाईघाईत खात्यावर थोडे पैसे पडतात, फोटो निघतात, झालं. पैसे नकोत असं कोण म्हणेल? पण माझी मागणी वेगळी आहे.

ज्या घरात मतिमंद माणूस आहे (आता बौद्धिक दिव्यांग म्हणायचं, पण घरोघरी अजून तोच शब्द चालतो), त्या घरच्यांना वर्षातून चार-आठ दिवस सुटी मिळावी.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. अठरापर्यंत शाळा होती, तोवर आईला दुपार तरी मोकळी मिळायची. आता आंघोळ, जेवण, फिटच्या गोळ्या, रात्रीचं उठणं, सगळं तिच्यावर. ती ६३ ची. डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगून दीड वर्ष झालं. "याला कोण बघणार?" इथंच गाडी अडते. नातेवाईक प्रेमळ आहेत. "त्यालाही घेऊन या ना" म्हणतात. "तुम्ही जा, आम्ही थांबतो" असं मात्र अजून कोणी म्हटलेलं नाही.

याला रेस्पाइट केअर म्हणतात, आणि हे काही परदेशी खूळ नाही. कुटुंबावर अडचण आली तर गरजेप्रमाणे सेवा मिळावी, हे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या उद्दिष्टांतच आहे. त्याखाली 'समर्थ' नावाची योजनाही आली. राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. आणि मी चार रात्रींसाठी जागा विचारत फिरलो, तर सगळे बोट दाखवतात कायमच्या वसतिगृहाकडे. कायमचं सोडायचं नाहीय हो! सोमवारी ठेवून शुक्रवारी घरी आणायचंय.

बंद पडलेल्या पालिका शाळेच्या दोन खोल्या पुरतील. चार पलंग, पाळीनं दोन शिकलेले मदतनीस, त्यात एक बाई हवीच, आणि बोलावल्यावर येणारी नर्स. आधी फक्त अर्धा दिवस ठेवायचं, म्हणजे मुलाला जागेची सवय होते.

खरी भीती वेगळीच आहे. ज्याला नीट बोलता येत नाही, त्याला कोणी मारलं तर तो घरी येऊन सांगणार कसा? आई भावाला कुणाकडे सोडत नाही त्याचं मोठं कारण हेच, आणि तिचं चुकत नाही. म्हणून पालकांना न सांगता केव्हाही आत येऊन बघता आलं पाहिजे. ही अट मान्य नसेल तर केंद्र नको.

पुढच्या आठवड्यात मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतोय. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी मला मेसेज करा. वय, फिट येते का, रात्री उठावं लागतं का, एवढंच कळवा. नावं निवेदनात टाकणार नाही, फक्त आकडा.