घर साऱ्यांचे, झाडू एकटीचा?



दसरा सरला की आमच्या बाभुळगावकडे दोन कामे एकदमच अंगावर येतात. शेतात कापूस वेचणीला येतो आणि घरात दिवाळीची साफसफाई निघते. दिवसभर वेचणी, रात्री जळमटे, डबे, गोधड्या, सारवण. सण दारात येईस्तोवर बाईची कंबर मोडलेली असते.

माझ्याही घरी हेच चाले. समानतेवर बोलून मी घरी येई आणि पदर खोचून एकटीच माळा झाडी. नवरा व मुलगा 'मदत' करीत. म्हणजे मागेन ती वस्तू हातात देत. या 'मदत' शब्दातच खरी गोम आहे. काम माझे, आणि ते उपकारकर्ते!

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८.

गेल्या दिवाळीत आम्ही कामांची यादी भिंतीवर लावली, प्रत्येक कामापुढे नाव लिहिले. दिवसाला एकच खोली. रेडिओ लावला. माळा मुलाकडे, भांडी नवऱ्याकडे. कोपऱ्यात जळमट राहिले. मी ते पुन्हा काढायला गेले नाही. मला सर्वांत जड गेले ते हेच! पण गोधड्या वाळत होत्या तेव्हा मी ओट्यावर बसून गरम चहा प्याले.

यंदा यादी कराल तेव्हा कामांपुढे नावेही लिहा. काय घडले, ते आम्हाला जरूर कळवा.