वर्ग बंद, मैदान उघडं

१७ ऑगस्ट २०२०, सोमवार. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या कॅम्पसवर वर्ग सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. तेवढ्यात वसतिगृहांमध्ये कोरोनाचे रुग्ण एकगठ्ठा सापडू लागले आणि विद्यापीठानं पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइन नेले. आदल्याच आठवड्यात खोल्या लावून बसलेली मुलं सामान आवरू लागली. फुटबॉलचा संघ मात्र तिथेच राहिला. दोन-तीन दिवसांच्या खंडानंतर सराव पुन्हा सुरू झाला आणि १२ सप्टेंबरला त्याच कॅम्पसवरच्या केनन स्टेडियममध्ये या संघानं सिराक्यूजला ३१–६ असं हरवलं.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या गावोगावी एक प्रश्न विचारला जात होता: साथीमुळे यंदा कॉलेज फुटबॉलचा हंगाम बुडणार का? या प्रश्नाची धग आपल्याकडे सहज कळणार नाही. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळत खेळायचा अमेरिकी खेळ. खेळणारी मुलं विद्यापीठांत शिकतात, पण त्यांना पाहायला मिशिगनच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात. हंगामातला शनिवार हा त्या गावांसाठी जत्रेचा दिवस असतो. हॉटेलवाल्यापासून टीव्ही वाहिन्यांपर्यंत किती तरी जणांचं वर्षाचं गणित त्यावर बसवलेलं असतं.

हंगाम अखेर झाला. ११ जानेवारी २०२१ रोजी मायामीजवळ अलाबामानं ओहायो स्टेटला ५२–२४ असं हरवून विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून एक मत घट्ट रुजलं आहे: भीती फुकाची होती, ‘थांबा’ म्हणणारे घाबरट होते आणि ‘खेळा’ म्हणणारे खरे ठरले. पुढची साथ येईल तेव्हा हाच दाखला पुढे केला जाईल. म्हणून तो आजच तपासायला हवा.

हंगाम ‘झाला’ म्हणजे काय झालं, ते आधी पाहू. शंभराहून जास्त सामने रद्द झाले किंवा पुढे ढकलले गेले. मिशिगन आणि ओहायो स्टेट १९१८ पासून दरवर्षी एकमेकांशी खेळत आले होते. २०२० मध्ये ती साखळी तुटली. पासाडेनाचा रोझ बोल सामना टेक्सासमध्ये हलवावा लागला, कारण कॅलिफोर्नियात खेळाडूंच्या आईवडिलांनाही स्टेडियममध्ये येण्याची परवानगी मिळत नव्हती. व्हँडरबिल्टचे किकर विलगीकरणात गेल्यामुळे त्याच विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर हिला बोलावलं गेलं. २८ नोव्हेंबरला तिनं मैदानात पाऊल ठेवलं, तेव्हा देशातल्या पाच बड्या कॉन्फरन्सपैकी (म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांपैकी) एकीच्या सामन्यात खेळणारी ती पहिली स्त्री ठरली. मला ती गोष्ट मनापासून आवडते, पण तिची सुरुवात विलगीकरणातून झाली हे विसरता येत नाही. बिग टेन या कॉन्फरन्सनं अंतिम लढतीसाठी किमान सहा सामन्यांची अट घातली होती. ओहायो स्टेटचे पाचच भरले, तेव्हा डिसेंबरमध्ये ती अटच काढून टाकली गेली. याला ‘हंगाम सुरळीत पार पडला’ म्हणणं हा शब्दांवर अन्याय आहे.

दुसरा मुद्दा वयाचा. अठरा-वीस वर्षांच्या धडधाकट मुलांना या विषाणूचं भय ते काय, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. या वयात मृत्यूचा धोका कमी होता, हे खरं आहे आणि मी ते मान्य करतो. पण काळजी केवळ मृत्यूची नव्हती, हृदयाचीही होती. ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी संसर्गातून बऱ्या झालेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचे एमआरआय काढले. त्यांतल्या चौघांत हृदयाच्या स्नायूंना दाह झाल्याची लक्षणं दिसली. हा निष्कर्ष सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०२१ मध्ये बिग टेनच्या १,५९७ खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असा दाह ३७ जणांत, म्हणजे शेकडा २.३ इतक्यांत आढळला. प्रतिपक्ष या दुसऱ्या आकड्याकडे बोट दाखवतो: पाहा, भीती किती फुगवली होती!

पण हा आकडा हाती कसा आला? बिग टेननं ११ ऑगस्टला हंगाम थांबवला. मग सप्टेंबरच्या मध्यावर तो पुन्हा सुरू करायचं ठरवलं, ते रोजची अँटिजेन चाचणी, संसर्ग झालेल्या प्रत्येकाच्या हृदयाची तपासणी आणि किमान २१ दिवस सामन्यापासून दूर राहणं, अशा अटी घालून. या तपासण्यांतूनच १,५९७ खेळाडूंची ती नोंद उभी राहिली. म्हणजे आज ज्या माहितीच्या जोरावर थांबणाऱ्यांना नावं ठेवली जातात, ती माहिती थांबणाऱ्यांनीच मिळवून दिली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ती कुणाच्याच हाती नव्हती. अंधारात गाडी दामटून सुखरूप पोचलेल्या माणसाला रस्ता दिसत होता, असं आपण म्हणत नाही.

शिवाय सगळे खेळाडू सडपातळ धावपटू नसतात. पुढच्या फळीतली मुलं सव्वाशे-दीडशे किलोंची असतात, आणि लठ्ठपणा हा या आजारातला ठाऊक असलेला धोका होता. वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांत जवळपास निम्मे कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्या समाजाला अमेरिकेत या साथीनं विशेष जबर तडाखे दिले. ही मुलं घरी जातात, आजीजवळ बसतात. आणि त्यांना शिकवणारे प्रशिक्षक विशीतले नसतात: अलाबामाचे निक सेबन ६९ वर्षांचे होते, आणि नोव्हेंबरमध्ये संसर्ग झाल्यामुळे त्यांना ऑबर्नविरुद्धचा सामना घरून पाहावा लागला.

१९१८ च्या साथीतही फुटबॉल खेळला गेला, असा एक दाखला दिला जातो. त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदावर हक्क सांगणारे मिशिगन आणि पिट्सबर्ग हे संघ सगळे मिळून पाच-पाच सामने खेळले होते. बाकीचा हंगाम साथीनं आणि महायुद्धानं गिळला होता. तो दाखला माझ्या बाजूचा आहे.

आता सर्वांत वजनदार युक्तिवाद: मुलांनाच खेळायचं होतं. हो, होतं. ९ ऑगस्टच्या रात्री क्लेमसनचा ट्रेव्हर लॉरेन्स, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स अशा नामवंत क्वार्टरबॅकसह देशभरच्या खेळाडूंनी मिळून ‘आम्हाला खेळायचं आहे’ असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनीही त्याला पाठिंबा दिला. पण त्या निवेदनात ही एकच ओळ नव्हती. आरोग्याचे नियम सगळीकडे सारखे आणि सक्तीचे असावेत, ज्याला खेळायचं नाही त्याला माघार घेता यावी, त्याचं खेळण्याचं वर्ष बुडू नये, आणि अखेरीस कॉलेज खेळाडूंची स्वतःची संघटना उभी राहावी, हेही त्यात होतं. त्याआधी आठवडाभर पॅक-१२ कॉन्फरन्सच्या खेळाडूंनी याहून सविस्तर मागण्या मांडल्या होत्या. सत्ताधाऱ्यांनी आणि वाहिन्यांनी पहिली ओळ उचलून धरली आणि बाकीच्या बाजूला ठेवल्या. ‘मुलांचं ऐकलं’ असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं एक वाक्य ऐकलं.

त्याच उन्हाळ्यात काही विद्यापीठांनी सरावाला येणाऱ्या मुलांकडून जोखमीची जाणीव असल्याच्या कबुलीवर सह्या घेतल्या. अखेर ऑगस्टमध्ये एनसीएए या खेळांच्या मध्यवर्ती संस्थेला सांगावं लागलं की मुलांना कायदेशीर हक्क सोडायला लावणारी सही सक्तीनं घेता येणार नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, शिष्यवृत्ती प्रशिक्षकाच्या मर्जीवर, पुढे व्यावसायिक संघात निवड होण्याचं स्वप्न, आणि समोर कागद. त्यानं ‘खेळतो’ म्हटलं तर ती निवड किती मोकळी होती, याचा विचार करायला हवा. लॉरेन्सला स्वतःला ऑक्टोबरअखेर संसर्ग झाला आणि त्याचे दोन सामने हुकले. तो सुखरूप परतला याचा मलाही आनंद आहे. पण त्याच्यासारखं नाव नसलेल्या, संघात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला ‘मी येत नाही’ म्हणणं किती जड गेलं असेल!

इथे मी पुन्हा चॅपल हिलकडे येतो, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. रिकामा कॅम्पस खेळाडूंना अधिक सुरक्षित असतो, कारण पार्ट्या करणारी बाकीची मुलं गेलेली असतात, असं सांगितलं गेलं. आरोग्याच्या दृष्टीनं ते खरंही असेल. पण मग ही मुलं कोण? विद्यार्थी असतील तर वर्ग बंद झाल्यावर तीही इतरांसारखी घरी जायला हवीत. बाकीच्यांना घरी पाठवून त्यांनाच ठेवून घेता, कारण त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आहे. तर मग ते कामगार आहेत, आणि कामगाराला मजुरी, संघटना आणि दुखापतीची भरपाई मिळते. एनबीएच्या बास्केटबॉलपटूंनी त्याच वर्षी ऑर्लँडोत जैव-कवचात राहून हंगाम पुरा केला, तो त्यांच्या संघटनेनं मालकांशी वाटाघाटी करून. कॉलेजच्या मुलांना असं कवच करता येणार नाही, कारण ती विद्यार्थी आहेत, असं सांगितलं गेलं. कवच मागितलं की विद्यार्थी, आणि सामना खेळवायचा झाला की वर्गाशिवायही चालणारे खेळाडू!

ही दुहेरी भाषा नवी नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या पत्नीनं कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही जोडसंज्ञा एनसीएएनं त्याच काळात रूढ केली, ती अशा दाव्यांपासून बचाव व्हावा म्हणून. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे हे लिहून ठेवलं आहे. म्हणजे जोखीम कुणाच्या अंगावर, या प्रश्नातूनच ती संज्ञा जन्मली. २०२० मध्ये तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि उत्तर तेच दिलं गेलं.

ज्या बिग टेनची मी वर बाजू घेतली, तिच्याकडेही हा दोष होता. २० ऑक्टोबरला ॲन आर्बरमध्ये काउंटीच्या आरोग्य खात्यानं मिशिगन विद्यापीठाच्या पदवीच्या मुलांना खोलीतच राहण्याचा आदेश दिला. वर्ग, जेवण, दवाखाना अशा कामांपुरती सूट होती, आणि विद्यापीठाच्या संघांनाही होती. चारच दिवसांनी मिशिगनचा संघ मिनेसोटात जाऊन सामना जिंकून आला.

पुण्या-मुंबईहून, नागपूरहून या विद्यापीठांत एमएस करायला गेलेल्या मुलांना त्याच वर्षीच्या जुलैत वेगळाच अनुभव आला होता. ज्यांचे वर्ग पूर्ण ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही, असा फतवा अमेरिकी सरकारनं ६ जुलैला काढला. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेली आणि १४ जुलैला तो मागे घेतला गेला. त्या आठ दिवसांत इथल्या घरांमध्ये काय घालमेल झाली, ते अनेकांना आठवत असेल. प्रत्यक्ष वर्ग नसेल तर एका विद्यार्थ्याचा देशात राहण्याचाही हक्क जातो, आणि दुसऱ्याला वर्ग नसतानाही मैदानावर यावंच लागतं. विद्यार्थी या शब्दाचा अर्थ सोयीनुसार किती ताणायचा?

पैशाचा मुद्दा मी टाळत नाही. फुटबॉलच्या कमाईवर पोहणं, कुस्ती, नौकानयन असे खेळ जगतात, हे अनेक विद्यापीठांत खरं आहे. पण मग खर्च वरून कापायला सुरुवात करावी. सेबन यांना त्या वर्षी ९० लाख डॉलरांहून जास्त मिळत होते. मुलांना शिष्यवृत्ती आणि वरखर्च. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ही मोठी सुधारणा आहे. तरी उद्या पुन्हा साथ आली तर हंगामाचा निर्णय ज्या बैठकीत होईल, तिथे मत देणारा खेळाडूंचा प्रतिनिधी आजही नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कॅम्पस पदवीच्या मुलांसाठी बंद झाला, की त्या दिवशी मैदानही बंद. हा नियम कॉन्फरन्सनी आजच लिहून ठेवावा, कारण ऑगस्टमध्ये तिकिटं विकली गेल्यावर तो कुणी लिहिणार नाही. त्याला अपवाद करायचा असेल तर खेळाडूंच्या निवडलेल्या संघटनेशी करार करून करावा, आणि त्यात पदवीनंतरही काही वर्षं चालणारा वैद्यकीय खर्च असावा. मुलगा मैदानात उतरण्याजोगा आहे की नाही, हे प्रशिक्षकाच्या हाताखाली नसलेल्या डॉक्टरनं ठरवावं. आणि प्रेक्षक किती, हे आरोग्य खात्यानं. १० ऑक्टोबर २०२० रोजी टेक्सास ए अँड एमकडून हरल्यावर फ्लोरिडाचे प्रशिक्षक डॅन मलन यांनी आपलं नव्वद हजारांचं स्टेडियम भरू द्यावं अशी मागणी केली. काही दिवसांतच त्यांच्या संघात संसर्ग पसरला, पुढचा सामना पुढे ढकलावा लागला आणि खुद्द मलनही पॉझिटिव्ह निघाले.

असा नियम केला तर एखादा हंगाम अख्खा बुडेल, असं कुणी म्हणेल. बुडेल. हार्वर्ड, येल अशा विद्यापीठांच्या आयव्ही लीगनं ८ जुलै २०२० रोजीच शरद ऋतूतले सामने होणार नाहीत असं सांगून टाकलं होतं, बड्या कॉन्फरन्सनी ठरवायच्या कितीतरी आधी. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा हंगाम गेला; ते नुकसान खरं आहे आणि त्याची भरपाई कुणाला करता येत नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी येल बोलमध्ये हार्वर्ड आणि येल दोन वर्षांनी पुन्हा समोरासमोर आले, आणि हार्वर्डनं तो सामना ३४–३१ असा जिंकला.