नोटीस आली, तर हजर व्हा

संगमनेरच्या न्यायालयातून मोटार अपघाताच्या दाव्याची नोटीस घरी येते, तेव्हा गाडीमालक हमखास म्हणतो, ‘गाडीचा विमा आहे, कंपनी बघेल.’ नोटीस कपाटात जाते, तारखेला कोणी फिरकत नाही आणि दावा मालकाविरुद्ध एकतर्फी चालतो. विमा आहे हे खरेच. पण कंपनी सगळे बघेल, हा समज घातक आहे. तो सातबाऱ्यावर बोजा चढेपर्यंत नेऊ शकतो.

संगमनेर तालुक्यामधून नाशिक-पुणे महामार्ग जातो. चंदनापुरी घाट, घारगाव, बोटा या पट्ट्यात अवजड कंटेनर, टोमॅटो-कांद्याचे पिकअप, दुधाच्या गाड्या आणि दुचाक्या एकाच रस्त्यावर असतात. गळीत हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्यांची त्यात भर पडते. १७ जानेवारी २०२५ रोजी याच महामार्गावर नारायणगावजवळ प्रवासी गाडीच्या अपघातात नऊ जणांचे प्राण गेले. स्टिअरिंगवर बसणाऱ्या कोणाच्याही हातून अपघात होऊ शकतो. म्हणून हा विषय केवळ बेदरकार चालकांचा नाही, घरात गाडी असलेल्या प्रत्येक कुटुंबाचा आहे.

त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा भारतात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. मालकाचा खिसा वाचवणे हा या सक्तीचा मूळ हेतू नव्हता. ज्याचा जीव गेला किंवा हातपाय गेले, त्याच्या घराला भरपाई मिळावी आणि ती मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, यासाठी कायदा झाला. रक्कम किती होते पाहा. बत्तीस वर्षांचा, महिना १५ हजार कमावणारा, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेला आणि घरात चार माणसे अवलंबून असलेला तरुण अपघातात गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीने वार्षिक उत्पन्नात ४० टक्के वाढ धरतात, चौथा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी वजा करतात आणि उरलेल्या रकमेला १६ ने गुणतात. हा आकडा ३० लाख २४ हजारांवर जातो. इतर बाबी आणि व्याज वेगळे. विमा नसल्याचा पहिला दंड २ हजार रुपये आहे. हप्ता वाचवणारे दंडाचा हिशेब करतात, या आकड्याचा करत नाहीत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घ्यावा लागतो. ती मुदत संपल्यावर कोणी आठवण करून देत नाही. आपल्या दुचाकीची तारीख आजच पाहा.

आता विमा असलेल्या मालकाकडे येऊ. चालकाचा परवाना बनावट होता, संपलेला होता किंवा त्या प्रकारच्या वाहनाचा नव्हता, असा बचाव विमा कंपनी घेते. स्वर्णसिंह प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वेळी मार्ग आखून दिला : कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मालकाची चूक सिद्ध झाली असेल तर ते त्याच्याकडून वसूल करावेत. चालक ठेवताना परवाना पाहिला होता, पुरेशी काळजी घेतली होती, असे असेल तर मालक सुटू शकतो. पण हे सांगायला मालक न्यायालयात तर हवा! तो गैरहजर राहिला की त्याची बाजू मांडणारे कोणी उरत नाही. कंपनीचा वकील कंपनीसाठी उभा असतो. मालक दावा लढवत नसेल, तर एरवी मालकाचे असलेले सारे मुद्देही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या परवानगीने कंपनीला घेता येतात. निवाड्याची रक्कम थकली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ नुसार प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. शेतकरी कुटुंबाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

गाडी विकली, पैसे घेतले, फॉर्मवर सह्या केल्या, पण आरसी बुकावर नाव जुनेच राहिले, तर नोटीस जुन्या मालकाला येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीन कुमार निकालाने नोंदणीतला मालकच जबाबदार धरला आहे. मालवाहू पिकअपमध्ये स्वतःच्या मालासोबत बसलेला शेतकरी विम्याच्या कक्षेत येतो, पण त्याच गाडीत वऱ्हाड बसवले तर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच आशा राणी निकालानंतर हे स्पष्ट आहे. लग्नसराईत तरी हे ध्यानात ठेवावे.

गावपातळीवर ‘आपसात मिटवून टाकू’ म्हणण्याची रीत आहे. दवाखान्याचे बिल भरले, पाच-पन्नास हजार हातावर ठेवले, पोलिसात नोंदच केली नाही. भल्या मनाने केलेला हा व्यवहारही जखमीच्या मुळावर येतो, कारण हाड जुळले नाही, कायमचे अपंगत्व आले, तर नोंदीअभावी त्याचा दावा लंगडा पडतो. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणे, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. फौजदारी खटला वेगळा चालतो. त्यातली शिक्षा कोणतीही पॉलिसी भरून देत नाही.

यंत्रणेनेही आपले काम चोख करावे. २०२२ च्या मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांकडून अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. पीडिताला त्याचे हक्क सांगणारा, चालकाचा आणि मालकाचा असे स्वतंत्र नमुने आहेत. ते वेळेत भरले तर पॉलिसीचा क्रमांक शोधत विधवेला वणवण करावी लागणार नाही. विमा कंपनीनेही देय रक्कम उघड दिसत असताना प्रस्ताव वेळेत द्यावा, वर्षानुवर्षे तारखा घेऊ नयेत. आणि दाव्याच्या नोटिशीसोबत साध्या मराठीत एवढे छापावे, अशी आमची मागणी आहे : ‘वाहनाचा विमा असला तरी आपण हजर राहणे आवश्यक आहे.’ यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

तोवर मालकांनी एवढे करावेच. नोटीस हाती पडताच विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. पॉलिसी, आरसी, चालकाचा परवाना, परमिट आणि फिटनेसचे कागद घेऊन वकिलामार्फत पहिल्याच तारखेला उभे राहा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, पात्र व्यक्तीला तेथे मोफत मदत मिळते. समोर ज्या घरातले माणूस गेले आहे, त्याला भरपाई लवकर मिळणे हे तुमच्याही हजेरीवर अवलंबून आहे.