सर्पगंधेची साक्ष

एकत्र कुटुंबांत औषधाची गोष्ट निघाली म्हणजे बहुधा दोन पक्ष पडतात. वडील मंडळींपैकीं कोणी तरी म्हणतात, "हें सर्व आमच्या पूर्वजांना ठाऊकच होतें." शिकून आलेले एखादे चिरंजीव लागलीच उत्तर देतात, "झाडपाल्यांत काय आहे? सारा भ्रम!" या दोन्ही पक्षांना एका लहानशा मुळीचा इतिहास पुरेसें उत्तर देतो. तो या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

ती मुळी सर्पगंधेची. मराठींत हिला अडकई असेंही म्हणतात. हातभर उंचीचें हें झुडूप ओलसर जंगलाच्या सावलींत वाढतें. फुलें पांढरीं, देंठ तांबडे, फळें पिकल्यावर काळसर. युरोपीय वनस्पतिशास्त्रांत तिला राऊवोल्फ या सोळाव्या शतकांतील जर्मन वैद्याचें नांव मिळालें आहे. हिंदुस्थानांत मात्र त्यानें कधीं पाऊल ठेविलें नाहीं. आपल्याकडे सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर ही मुळी पिढ्यान् पिढ्या दिली जात असे. बिहारांत तर 'पागल की दवा' याच नांवानें ती विकली जाई.

असें असतां हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या रोगावर ती चालेल हें कोणाच्या ध्यानांत कां आलें नाहीं? कारण सरळ आहे. रक्ताचा दाब डोळ्यांना दिसत नाहीं आणि बहुधा दुखतही नाहीं. १७३३ सालीं स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानें घोड्याच्या धमनींत नळी घालून दाबाचें माप प्रसिद्ध केलें. १८९६ सालीं इटलींतील रिवा-रोची यानें दंडास पट्टा बांधून पाऱ्याच्या साहाय्यानें तें घेण्याची रीत काढली. १९०५ सालीं कोरोट्कॉव्ह या रशियन वैद्यानें नाडीचा आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे सांगण्याची तोड शोधिली. मापच नसेल तेथें रोग कसा कळावा? तेव्हां पूर्वजांना मुळी ठाऊक होती, रोग ठाऊक नव्हता, हेंच न्यायाचें बोलणें होय. आणि रोग कळल्यावरही औषधासाठीं दूरदेशीं पाहणाऱ्या आपल्या लोकांस कंठचामीकरन्याय लागू पडला. हार गळ्यांत, आणि शोध गांवभर!

१९३१ सालीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमां सिद्दिकी यांनीं या मुळींतील क्षारद्रव्यें वेगळीं केलीं, व त्यांपैकीं एकास हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ अजमलीन हें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ही मुळी उन्मादाप्रमाणेंच रक्ताच्या वाढत्या दाबावरही उपयोगी पडते असें लिहिलें. परंतु जगानें इकडे लक्ष दिलें तें मुंबईमुळें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं ५० रोग्यांना हें औषध देऊन, दाब आधीं किती व नंतर किती याची नोंद ठेवून, १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्यें निबंध छापिला. त्यांत पूर्वजांची स्तुति नव्हती, आंकडे होते. म्हणून तो परदेशांतही वाचला गेला. बोस्टनचे डॉक्टर विल्किन्स यांनीं तेंच औषध आपल्या रोग्यांवर पाहिलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बासेल येथें मुळींतील मुख्य द्रव्य रेसर्पीन शुद्ध रूपांत हातीं आलें. १९५७ सालीं वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

पुढची गोष्ट याहून मोलाची आहे. दाब उतरविल्यानें माणूस खरोखर वांचतो काय, याविषयीं कित्येक मोठे वैद्यही त्या काळीं साशंक होते. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्यास वाढता दाब अवश्यच असावा असें त्यांस वाटे. अमेरिकेंत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर याची कसोटी झाली. खालचा आंकडा ११५ ते १२९ असलेले हे रोगी. अर्ध्यांना रेसर्पीन व आणखी दोन औषधें, अर्ध्यांना नुसत्या निरुपद्रवी गोळ्या. १९६७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. निरुपद्रवी गोळ्या घेणाऱ्यांत २७ गंभीर आपत्ति घडल्या, औषध घेणाऱ्यांत अवघ्या २. ती शंका त्या दिवसापासून मावळूं लागली.

मग आज डॉक्टर सर्पगंधा क्वचितच कां देतात? तिच्यानें नाक चोंदतें, आणि मात्रा वाढली तर मनास घोर उदासीनता येते. पुढें अधिक सौम्य औषधें निघालीं व तिनें आपली जागा त्यांना दिली. यांत तिचा अपमान नाहीं. औषधाचा मान जुनेपणावर नाहीं व परदेशीपणावरही नाहीं. तो मापावर आहे, आणि अधिक चांगलें मिळतांच जुनें सोडण्याच्या तयारीवर आहे.

आतां घरची गोष्ट. तुमसर तालुक्यांतील आमचे एक जुने स्नेही "आतां कांहींच दुखत नाहीं" म्हणून दोन महिन्यांत दाबाची गोळी सोडून बसले. पुढच्या उन्हाळ्यांत त्यांचें उजवें अंग लुळें पडलें. जन्मभर स्तोत्रें अस्खलित म्हणणारा हा गृहस्थ आज सुनेजवळ पाणी मागतांना शब्द शोधतो. न दुखणें हाच या रोगाचा कपटवेष आहे, हें त्यांच्या घरांत आतां लहान मुलासही कळतें; पण फार महाग शिकवणी पडली.

बपेऱ्याकडील बाजारांत मुळ्यांची पथारी मांडणारा कोणी "ही घ्या, गोळी सोडा" असें सांगूं लागला तर त्यास नम्रपणें नकार द्यावा. रेसर्पीनची दिवसाची मात्रा मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्श्याच्या आंतबाहेर असते. चिमूटभर चूर्णांत ती किती, हें देणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. शिवाय मुळीसाठीं झाड उपटलें कीं झाडच जातें, आणि रानांतील सर्पगंधा अशानेंच दुर्मिळ झाली आहे.

सणावारीं सर्व मंडळी एकत्र जमतात. त्या वेळीं चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा, स्त्रियांचाही, दाब एकदां मोजून घ्यावा व आंकडा घरच्या वहींत लिहून ठेवावा. पथ्यांत मीठ कमी, तंबाखू वर्ज्य, चालणें नित्य. आणि डॉक्टरांनीं दिलेली गोळी त्यांनींच थांबवावी, आपण नव्हे.