झुंज कोणत्या काळातली खेळावी?

बुद्धिबळाच्या पटावर रणगाडा नाही, तोफ नाही, साधी बंदूकही नाही. हत्ती, घोडे, उंट, वजीर आणि प्यादी एवढ्या सैन्यावर आपण अजूनही राजाला मात देतो. चतुरंग सेनांचा काळ केव्हाच मागे पडला. पण ज्यांनी हा खेळ मांडला, त्यांनी आपल्या काळचे युद्ध पटावर धरून ठेवले. युद्धाचा कोणताही खेळ मांडायचा तर काळाचा निर्णय आधी करावा लागतो. काळ ठरला की सोंगट्या ठरतात आणि सोंगट्या ठरल्या की नियम ठरतात.

जेट विमानांच्या झुंजीचा खेळ तयार करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. येथे संगणकाच्या पडद्यावरचा खेळ अभिप्रेत नाही. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि ढग, उंची, इंधन, समोरच्या विमानाची चाल यांचे वर्णन करतो. बाकीचे वैमानिकांच्या भूमिका घेतात व प्रत्येक क्षणी आपण काय करणार ते सांगतात. जेथे नशिबाचा भाग असेल तेथे फासे टाकायचे. असा भूमिका-खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रथम छापून विक्रीस आला. त्यात राक्षस आणि जादूगार होते. पण तीच पद्धत विमानांनाही उत्तम लागू पडते. आलेखाचा कागद, पेन्सिल, कंपास आणि दोन फासे एवढे साहित्य पुरे.

पुण्याच्या मुलामुलींना विचारले की कोणते विमान घ्यायचे, तर उत्तर बहुधा एकच येईल : सुखोई! ते साहजिकही आहे. लोहगावच्या तळावरून उडणारे सुखोई-३० डोक्यावरून गेले की विमाननगर-विश्रांतवाडीकडच्या वर्गांत शिक्षकांना वाक्य अर्धवट सोडून थांबावे लागते. जे रोज दिसते, ज्याच्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरतात, ते आपल्याला खेळात हवेसे वाटणारच. तरीही माझे मत असे आहे की, खेळासाठी आजचा काळ घेऊ नये. १९६५ ते १९७१ हा काळ घ्यावा, आणि त्यातही भारताचे नॅट व पाकिस्तानचे सेबर यांची झुंज घ्यावी. या मताची कारणे पुढे देत आहे. ती तपासून पाहा, आणि पटली तरच स्वीकारा.

पहिले कारण अंतराचे. आजची झुंज बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही. सुखोईवर बसवण्यात येणारे आपले ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र शंभर किलोमीटरच्या आसपास पल्ल्याचे आहे. आता आलेखाच्या कागदावर १ सेंटीमीटर म्हणजे २०० मीटर असे प्रमाण घ्या. शंभर किलोमीटर दूर असलेले विमान दाखवायला पाच मीटर लांब कागद लागेल! म्हणजे शत्रूची सोंगटी खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी ठेवावी लागेल. प्रमाण बदलून ती कागदावर आणता येईल, पण मग वैमानिकाने काय करायचे? रडारवरचा ठिपका पाहायचा आणि कळ दाबायची. अशा लढतीत कौशल्य नसते असे मुळीच नाही. पण त्यातले बरेचसे कौशल्य रडार, संगणक आणि क्षेपणास्त्र घडवणाऱ्यांचे असते. शिवाय त्या यंत्रांची खरी क्षमता गुप्त ठेवलेली असते. मग खेळ मांडणाऱ्याला आकडे मनाने घालावे लागतात. मनाने घातलेल्या आकड्यांवर जिंकलेली झुंज ही गोष्ट म्हणून ठीक, विज्ञान म्हणून नाही.

दुसरे कारण गणिताचे. नॅट आणि सेबर यांच्या झुंजीत तोफा आणि मशीनगन काही शे मीटरवरूनच उपयोगी पडत. म्हणून शत्रूच्या पाठीमागे जाणे भाग होते आणि त्यासाठी वळणे भाग होते. वळण म्हणजे वर्तुळाकार गती, आणि ती तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. वैमानिक उंची न बदलता ५ जी इतके वळण घेतो, म्हणजे ५० किलो वजनाच्या वैमानिकाला आपण २५० किलोचे झालो असे वाटते. अशा वळणात केंद्रगामी त्वरण सुमारे ४.९ जी असते, कारण उरलेले बल विमानाला तोलून धरण्यात खर्ची पडते. वेगाच्या वर्गाला या त्वरणाने भागले की वर्तुळाची त्रिज्या मिळते.

ताशी ७०० किलोमीटर वेगाला ही त्रिज्या सुमारे ७९० मीटर येते. शनिवारवाड्यावर मध्य धरून हे वर्तुळ काढले, तर त्याचा परीघ मंडईच्या आसपास जाईल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १४०० किलोमीटर केला, तर त्रिज्या चौपट होते : सुमारे ३१५० मीटर. मग परीघ पर्वतीच्याही पलीकडे जातो. आपल्या कागदावर पहिले वर्तुळ चार सेंटीमीटर त्रिज्येचे, म्हणून पानात सहज मावते. दुसरे जवळजवळ सोळा सेंटीमीटरचे, ते पानाबाहेर जाते. पहिली फेरी सुमारे २५ सेकंदांत पुरी होते, दुसरीला ५० सेकंद लागतात. अधिक वेगवान विमान झुंजीत नेहमी वरचढ का ठरत नाही, हे कंपास फिरवताच कळते. व्याख्यान देऊन जे समजावे लागते ते खेळात आपोआप हाताला लागते.

तिसरे कारण दृष्टीचे. नॅटच्या पंखांचा विस्तार अवघा ६.७ मीटर होता, सेबरचा ११.३ मीटर. लोहगावच्या आकाशात अनेक वर्षे दिसलेले कॅनबेरा हे बाँबफेकी विमान आणि हे चिमुकले नॅट, दोन्ही पेटर या एकाच इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून उतरली होती. लहान असण्याचा फायदा किती, ते मोजून पाहा. तीन किलोमीटरवरचे नॅट समोरून पाहणाऱ्याला साडेचार मीटरवर धरलेल्या, एक सेंटीमीटर लांबीच्या शेंगदाण्याएवढे दिसेल. सेबर त्याच अंतरावर त्याच्या पावणेदोन पट मोठे दिसते. म्हणून खेळात असा नियम करता येतो की, नॅटच्या वैमानिकाला सेबर आधी दिसण्याची शक्यता जास्त. हा नियम कोणाच्या शौर्यावर आधारलेला नाही. तो साध्या भूमितीवर आधारलेला आहे. त्याच न्यायाने नॅटचे दोषही नियमांत यायला हवेत. त्याच्या दोन ३० मिलिमीटर तोफा ऐन वेळी अडकत. म्हणून प्रत्येक वेळी गोळीबार करताना फासा टाकावा. सेबरच्या सहा मशीनगनचा गोळा लहान, पण मारा अधिक भरवशाचा.

येथे कोणी म्हणेल, मग कोरियातील युद्धाचा काळ का नको? १९५० ते १९५३ या काळात सेबर आणि मिग-१५ ही तोडीस तोड विमाने एकमेकांशी भिडली. गणित तेथेही तेच आहे. त्याआधीचा, १९४४-४५ चा काळ मात्र चालणार नाही, कारण जर्मनीची व ब्रिटनची जेट विमाने तेव्हा आकाशात आली तरी त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. कोरियाचा पर्याय खरोखर चांगला आहे. पण कोरियाचे युद्ध आपल्या घरात कोणी पाहिलेले नसते. १९६५ आणि १९७१ आठवणारी माणसे अजून आपल्या घरांत, वाड्यांत, सोसायट्यांत आहेत. त्यांना विचारता येते. आणि येथेच माझे चौथे कारण येते. तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आपल्या युद्धाचा खेळ खेळताना आपल्याला आपलेच जिंकायला हवे असते. म्हणून खरे काय घडले हे तपासण्याची सवय तेथेच लागली पाहिजे. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून एक सेबर पाडल्याची नोंद आपल्याकडे आहे. पाकिस्तानी वृत्तांत म्हणतो की ते सेबर जखमी होऊन परत उतरले. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयरा येथे चार नॅट विमानांनी सेबर विमानांना गाठले. तीन पाडल्याचे जाहीर झाले. पुढे कळले की दोन पडली आणि तिसरे मोडक्या अवस्थेत ढाक्याला पोहोचले. यात कोणी मुद्दाम खोटे बोलले असे समजू नका. ताशी सातशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला धूर दिसतो. पुढे ते विमान पडले की सावरले हे पाहायला तो थांबू शकत नाही. एकाच विमानावर दोघांनी गोळ्या झाडल्या तर दोघेही ते आपल्या नावावर धरतात. तोफेबरोबर चालणारा कॅमेराही गोळीबाराचे काही क्षणच टिपतो. म्हणूनच इतिहासकार दोन्ही बाजूंचे दप्तर समोरासमोर ठेवून हिशेब करतात. गेल्या पन्नास वर्षांत या युद्धांबद्दल दोन्ही देशांत पुष्कळ लिहिले गेले, म्हणून हे आपल्यालाही करता येते. आजच्या चकमकींचे दोन्ही बाजूंचे दप्तर आपल्याला कोण दाखवणार?

यावरून खेळात तीन नियम असावेत असे मी सुचवतो. एक : प्रत्येक खेळाडूने आलटून पालटून दोन्ही विमाने उडवावीत. आज नॅट, तर उद्या सेबर. समोरचा वैमानिक मूर्ख नव्हता हे त्याच्या जागी बसल्याशिवाय कळत नाही. बोयराला छत्रीने उतरून युद्धकैदी झालेले परवेझ मेहदी कुरेशी १९९७ साली पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले! दोन : खेळाडूंनी आपण पाडलेली विमाने आपल्या वहीत लिहावीत, खरी नोंद सूत्रधाराने गुप्त ठेवावी, आणि खेळ संपल्यावर दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. हा अर्धा तास मला प्रत्यक्ष झुंजीहून अधिक मोलाचा वाटतो. तीन : ज्याचा वैमानिक मेला त्याला त्या दिवशी दुसरे विमान मिळू नये.

हा तिसरा नियम मुलांना कठोर वाटेल. पण १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बाँब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट उडवले आणि सहा सेबर विमानांशी झुंज घेतली. ते परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हवाई दलातील हा सन्मान आजवर त्यांच्या एकट्याच्याच नावावर आहे. ज्या खेळात मरण म्हणजे पुन्हा फासे टाकणे एवढेच असते, तो खेळ अशा माणसाबद्दल काहीच शिकवू शकत नाही. ज्याचे विमान पडले त्याने उरलेला वेळ गप्प बसून इतरांची झुंज पाहावी. त्या बसण्यातही थोडेसे शिक्षण आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सुखोईचा आवाज आला की मान वर करून जरूर पाहा. कोणास ठाऊक, तुमच्यापैकी एखादी मुलगी उद्या ते उडवील, एखादा मुलगा त्याचे रडार घडवील. पण सुटीत टेबलावर कागद अंथराल तेव्हा असा काळ निवडा, ज्यात वैमानिकाला समोरचे विमान डोळ्यांनी दिसते, ज्याचे गणित तुम्हाला करता येते आणि ज्याचे खरेखोटे तुम्हाला तपासता येते. कंपास घ्या, चार सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्यावर एक लहानसा शेंगदाणा ठेवा. खेळाला एवढी सुरुवात पुरेशी आहे.